ढिली चावी

साठीवरल्यांच्या यादीत चौदावं नाव: डोमाजी आत्राम, वय अठ्ठ्याहत्तर.
रेल्वेत चावीवाले होते. म्हणजे रोज पहाटे
छोट्या लाईनीवरून हातोडी घेऊन चालायचं,
पावणेचार मैल तिकडे, पावणेचार इकडे,
आणि सुटत आलेल्या चाव्या रुळाच्या कडेला पुन्हा ठोकायच्या.
गाडी बंद पडून किती वर्षं झाली
ते त्यांच्या सुनेला सांगता येतं. त्यांना नाही.

बाजेवर बसले होते. मी फॉर्म काढला.
आज कोणता वार, आबाजी?
ते बाजेची सुतळी उसवत राहिले.
महिना?
"थंडी हाय," म्हणाले.
तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा हं:
विळा, घागर, लिंबू.
पाच मिनिटांनी विचारलं
तर माझ्याकडे असं बघितलं
जसं मीच काही ठेवून घेतलंय त्यांचं.

रंजू, सून, दारातूनच बोलली:
मांगल्या पोळ्याले पुलापाशी पडले, तवापासून फाटकाले कुलूप.
हे जिनिंगमंधी, मी कापसात,
मांगं मांगं कोन धावन यायच्या?
तिचं चुकलं असं मी नाही म्हटलं.
माझ्या आईच्या दाराला मीही कडी लावते, दुपारी.

म्हटलं, काढ कुलूप. मी आहे सोबत. अर्धा तास.

वाळल्या तरोट्यात लाईन बुडून गेली आहे.
रूळ दिसतो कुठे कुठे, गंजलेला, जिथे बकऱ्या बसतात.
पहिली दहा पावलं ते माझ्या मनगटावर चालले.
मग मनगट सुटलं. मीच मागे राहिले,
चपलेत सराटा.
काठीचा टोला रुळावर: टन्न.
"पक्की."
पुढे टन्न. "पक्की."
पुढे थद.
वाकले. "हे ढिली. पुलाच्या अल्याड चौथी.
पावसात नेमी सुटे. गणपत मेट म्हने,
डोमा, तुयी सासू व्हय ते, रोज टोले मागते."
आणि हसले. वरचे दोन दात नाहीत.

मी चालता चालता, वाटेत भेटलेल्याला विचारावं तसं:
वार कोणता आज?
"रस्त्यानं धुरळा पाह्य ना. बंड्या चालल्या बाजारात.
शुक्रवार."
शुक्रवारच होता.
आणि ते शब्द, मघाचे?
दोन टोले गेले, उत्तर नाही.
तिसऱ्याला म्हणाले, "विळा."
मग बरंच चालून, "लिंबू."
घागर आली नाही.
पुलावर पोचलो, खाली नाल्यात नुसती वाळू,
तरी नाहीच आली.

परत आल्यावर बाजेवर टेकले.
खात्री करावी म्हणून पुन्हा विचारलं: वार?
हात सुतळीकडे गेला.

फॉर्मात "बसून" आणि "चालताना" असे वेगळे रकाने नाहीत.
मी दहापैकी दोन लिहिले, नियमाप्रमाणे,
आणि कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने: रोज अर्धा तास.
पेन्सिलीचं लिहिलेलं तालुक्याला कोणी वाचत नाही.
रंजूने वाचलं. म्हणाली,
कापूस मोजून आली का नेतो मी, पाच वाजता.
सैपाक उशिरा होईन, बस.
होऊ दे, मी म्हटलं. स्वयंपाक माझा नव्हता,
म्हणून लवकर म्हटलं.

घरी आले. कडी काढली.
आई, चल, दळण आणू.
ती म्हणाली, कोनाची वं तू?
मी डबा काखेत घेतला, सांगितलं नाही काही.
ओसरीवर पाच जोड चपला होत्या, एकात एक.
तिने खाली न पाहता
आपल्याच घातल्या.